पाखरांना मोजता येत न्हाई

लिहून घ्या, आमचं गाव नदीच्या अंगाला, दौंडपासनं लई लांब न्हाई, पण एसटी तवाबी धड येत नव्हती आन् आताबी येत न्हाई. बाप रेल्वेत गँगमन, त्याच्या मागनं मीबी गँगमन लागलो आन् पुढं कीमन झालो. कीमन म्हंजी काय, तर खांद्यावर हातोडा, हातात पाना, काखेत झेंडी, आन् रोज सकाळी आपल्या वाट्याची लाईन पायी चालायची, रूळ धरून ठेवणारी एकेक लोखंडी चावी बघायची, ढिली असली की ठोकून बसवायची. जाताना एकटा, येताना एकटा. माझा आख्खा जन्म असा चालण्यात गेला बघा, आन् बोलायला कोण, तर ह्या रेल्वेच्या भरावाखाली जे पाणी साचतं ना, नदीची फुग येती म्हंजी पाणी मागं चढतं, लव्हाळा माजतो, त्यातली पाखरं. बगळे, शेकाटे, चांदवे. चांदवा म्हंजी ते काळं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं.

एक आधीच सांगतो ताई. मी असं कुणाला माझं सांगत बसत न्हाई. मागं एक पेपरवाला आलता, त्याला म्हणलं जा बाबा, माझ्याकडं काय न्हाई. तुम्ही फोनवर म्हणलात तुमचं लिहून घ्यायचंय, तर तुम्हाला मातर लगेच या म्हणलं, त्याला कारण हाय, माझं एक काम हाय तुमच्याकडं, ते शेवटाला सांगतो. आधी चहा घ्या. जरा जास्तच गोड झालाय, एकट्याच्या चहाचा मला अजून अंदाज येत न्हाई.

कॅमेरा कसा आला म्हणाल, तर दौंडात माझा एक दोस्त व्हता, फोटो स्टुडिओ व्हता त्याचा, लग्नंबिग्नं करायचा. मोबाईल आले आन् त्याचं दुकान बसलं. बंद करताना तो म्हणला, तू रोज पाखरं बघतो, घे हे, माझ्याकडं आता धूळ खाईल. कॅमेरा आन् हातभर लांब लेन्स गळ्यात घातली माझ्या. मंदा म्हणली, अगोबाई, हातोडा कमी व्हता का खांद्याला. मंदा म्हंजी माझी बायको. तिच्या तोंडाला धार व्हती, पण वार उलट्या बाजूनं करायची, लागायचा न्हाई.

आता फोटो काढायला गेलं की पाखरं उडायची. लांबनं काढावं तर ठिपका येतो. मग म्या आत पाण्यात, त्या उंचवट्यावर, पाचटाची खोप केली. ती दारातनं दिसती का, लव्हाळ्याच्या पल्याड, तीच. तरी व्हयना. मी आत शिरताना पाखरं बघायची, आन् दिसभर तिकडं फिरकायची न्हाईत. त्यांना ठावं की आत कोणतरी हाय. मंदानंच अक्कल सांगितली. ती त्या पलीकडच्या मळ्यात खुरपायला जायची. म्हणली, मी येते तुमच्यासंगं खोपीपत्तूर, आत बसते जराशी, मग निघून जाते, बघा काय व्हतंय. आन् काय सांगू तुम्हाला, ती बांधाला पोचायच्या आत पाखरं माघारी आली. दोघं गेले, एक निघालं, पाखराला वाटलं खोप रिकामी झाली. पाखरांना मोजता येत न्हाई. माणूस गेलेला दिसला की बास, त्यांचं समाधान व्हतं.

तवापासनं नेमच झाला. माझी सुट्टी असली की आम्ही दोघं पाण्यातनं खोपीत जायचो, आन् ती डोईवर भाकरीचं फडकं, हातात खुरपं घेऊन निघून जायची. जाताना मोठ्यानं बोलत जायची, म्हंजी पाखरांना कळावं. काय बोलायची, तर मलाच शिव्या. ह्या माणसाला पाखरं पोसत्यात का मी पोसते, भाकरी येळंवर खा, मुंग्या लागतील, असं बडबडत पार बांध वलांडायची. आत बसून मला हसू यायचं आन् हसता बी यायचं न्हाई.

आता मुद्द्याचं ऐका. ह्या पाण्यात एक कमळपक्षी हाय, पंख तांब्याच्या हंड्यासारखे, डोळ्यावर पांढरी भुवई, आन् पायाची बोटं ही एवढाली, त्यानं तो पानावर चालतो, बुडत न्हाई. त्यांच्यात मादी अंडी घालती आन् दुसरीकडं संसार मांडायला जाती. अंडी उबवायची, पिलं वाढवायची, सगळं बापानं. असं एका पावसाळ्यात मंदा मला सोडून बांधावर गेली, आन् वरनं घार आली खाली. माझ्या कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं व्हतं, मी मान खाली घालून ते बदलत बसलेलो. तेवढ्यात मंदानं बांधावरनं बघितलं. संध्याकाळी म्हणली, अवो, त्या बापानं पिलं काखेत घेतली आन् चालत गेला, पिलांचे पाय खाली लोंबत व्हते.

म्या हसलो. म्हणलं, मंदे, पाखराला काख कुठं असती. ती म्हणली, तुम्ही एका डोळ्यानं बघता, म्या दोन डोळ्यांनी बघितलंय. म्या ऐकून घ्यावं का न्हाई? पण न्हाई. तवा आम्ही रेल्वे कॉलनीत राहायचो, दारात चार लोक बसले व्हते, तिच्यासमोर म्या त्यांना सांगितलं, आमच्या हिनं आज काखेत पिलं नेणारं पाखरू बघितलं. सगळे हसले. एकजण म्हणला, वैनी, डोक्यावर टोपली बी व्हती का त्याच्या. ती उठून आत गेली. पुढं जवा कवा काय दिसलं, तवा मला सांगायची बंद झाली. मी विचारायचो, आज काय बघितलंस, तर म्हणायची, काय न्हाई, गवत.

पुढं मी रिटायर झालो आन् ती आजारी पडली. आजार लांबला न्हाई, चार महिन्यांत गेली. जलदानाच्या कार्यक्रमाला पोरानं विचारलं, आबा, आईचा फोटो द्या, मोठा करून आणतो. म्या सगळी कार्डं काढली ताई. बगळ्याचे किती, शेकाट्याचे किती, पाण्यात पडलेल्या सावल्यांचे बी हायेत. तिचा एक न्हाई. एक सापडला, त्यात पुढं राखी बगळा हाय, पिसन् पीस मोजून घ्या असा, आन् मागं लांब बांधावर ती चाललीय, पाठमोरी, धुरकट. फोकस बगळ्यावर व्हता. मग शेवटी आधार कार्डावरचा मोठा केला, त्यात ती घाबरल्यागत दिसती. तोच भिंतीवर हाय. मला तो बघवत न्हाई, पण काढवत बी न्हाई.

त्याच वर्साला पुण्याची दोन पोरं आली व्हती फोटो काढायला, त्यांना वाट दाखवली. त्यातल्या एकानं मोबाईलमधी मला एक फोटो दाखवला, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातला. तांबड्या पंखाचा बाप, काखेतनं पिलांचे पाय लोंबत्यात, जसंच्या तसं. म्हणला, आबा, हे लई अवघड हाय, कुणाला सहज घावत न्हाई. म्या तो मोबाईल मागून घेतला आन् पुन्हा बघितला. तिला सहज घावलं व्हतं. आन् मी तिला चार लोकांत हसलो.

तवापासनं एकच हाय माझ्या मनात. तो फोटो ह्या पाण्यातला, ह्याच बापाचा, माझ्या कॅमेऱ्यात आला पाहिजे. मोठा करायचा, तिच्या शेजारी लावायचा, आन् ज्या चौघांसमोर हसलो, त्यांना घरी बोलवून दाखवायचा. दुसऱ्याच्या मोबाईलमधला दाखवून भागत न्हाई. म्हणतील कुठलाबी आणलाय.

पण मला सोडून जाणार कोण? एकटा शिरलो की बाप पिलं घेऊन लव्हाळ्यात दडतो, आन् अंड्यावर असला तर उठून जातो, अंडी उन्हात तापत्यात, मग मलाच बाहेर यावं लागतं. गेल्या साली मी डोकं चालवलं, म्हणलं पहाटं अंधारातच जाऊन बसू. गेलो, तर पायाखाली काहीतरी कुरकुरलं. उजाडल्यावर बघितलं, चांदव्याचं घरटं, सगळी अंडी माझ्या बुटाखाली. ती चांदवी तीन दिस त्या जागेवर येऊन बसत व्हती, खाली काय नसताना. आता अंधारात न्हाई जायचं ठरवलंय, फोटो न्हाई आला तरी चालंल.

पोराला सांगून बघितलं. पोरगं शिक्रापूरला कंपनीत हाय, रूम घेऊन राहतं, लई चांगलं हाय, म्हणतं आबा इकडंच या. आठ दिस राहून आलो, खिडकीखाली ट्रकच ट्रक, पाखरू म्हणाल तर कबुतर. त्याला म्हणलं, सुट्टीला ये आन् मला खोपीत सोडून जा. आलं बिचारं. आत बसलं, निघालं, आन् बांधावर जाऊन उभं राहिलं. तिथनं हाका, आबा, बरं हाय ना, आबा, पाणी वाढलं का. म्या हातानं खुणावतोय जा, त्याला वाटलं मी बोलावतोय, ते परत आत आलं. आई गेल्यापासनं त्याला मला एकटं सोडवत न्हाई, त्यात त्याची काय चूक. आन् गावात कुणाला म्हणायचं, माझ्यासंगं चल आन् मला सोडून जा? येडा म्हणतील.

म्हणून तुम्हाला या म्हणलं ताई, तुम्ही तशाबी आल्या तशा आजच जाणार. परवाच अंडी फुटलीत, चार पिलं हायेत. आठ-पंधरा दिसांत ती काखेत मावायची न्हाईत.

आता ऐका कसं करायचं. गुडघ्याएवढं पाणी हाय, माझ्या पावलावर पाऊल टाकून या. आत दोन मिनटं बसा, मग उठा आन् चालायला लागा. लपून जाऊ नका, त्यांना दिसलं पाहिजे तुम्ही चाललाय. तोंडानं काहीबी बोलत जा, शिव्या दिल्या तरी चालतील, मला सवय हाय. बांधावर थांबू नका. माझी काळजी वाटली तरी मागं बघू नका, सरळ स्टेशनची वाट धरा, डेमू गाडी मिळंल. फोटो आला तर फोन करीन. न्हाई आला तर तुमच्या कागदात एवढं लिहा की मंदानं बघितलं ते खरं व्हतं, आन् तिच्या नवऱ्यानं ते कबूल केलं.

तुमचं भलं व्हवो, लेकराबाळांत सुखी रहा. आन् एक, तुम्ही बांधाला लागलात की मी तुमचा एक फोटो काढणार हाय, पाठमोरा. पाखरं यायच्या आधी. ह्या बारीला फोकस माणसावर. चला, मोबाईलवरचं रेकॉर्डिंग बंद करा, ऊन वर यायला लागलंय.