हंसांनी अडवलेलं दार

फ्रीसलंडमधल्या एका गावच्या दवाखान्यात बाउक्ये आपल्या नंबरची वाट बघत होती. मागच्या बाकावर म्हातारे श्यूर्त आणि त्यांची शेजारीण हिस्के बोलत होते.

“काका, गुडघ्याला काय झालं?”

“काल खिडकीतून उतरताना घसरलो.”

“खिडकीतून? या वयात?”

“मग काय करू? स्वयंपाकघराच्या दाराशी हंसिणीनं घरटं केलंय. मी पाऊल टाकलं की नर पंख फुगवून अंगावर येतो.”

“झाडू उगारायचा.”

“छे! त्यानं तो जास्तच चवताळेल. पिल्लं निघून पाण्यात गेली की हंसही जातील. तोवर आपणच लांब राहायचं.”

“अहो, पण पुढचं दार आहे की!”

“ते फक्त लग्नाला नि मयताला उघडतात, ठाऊक नाही का तुला? माझ्या बायकोला, आंत्येला नेलं, तेव्हा उघडलं होतं.”

बाउक्येला हसू येत होतं, ते विरलं.

“मग आज या गुडघ्यानं खिडकी कशी चढलात?”

“नाही चढलो. पुढचं दार उघडलं.”

बाउक्येचा नंबर पुकारला. ती उठली नाही.

“आणि?” हिस्केनं विचारलं.

“बाहेर आलो. पण ते ओढून घ्यायला हात धजेना. लावावं की राहू द्यावं, काही कळेना बघ.”

“लावलंत ना शेवटी?”

“उघडंच टाकून आलोय, हिस्के.”