टॉवेल उजव्या खांद्यावर

ड्वेन: ...त्यांना तिसऱ्या प्रयत्नात आठ यार्ड पुढं जायचंय, आणि तू सहा जण त्यांच्या बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या अंगावर सोडतोस! मागं राहिलं कोण? मधलं अख्खं मैदान मोकळं. तुझ्या आजीनंसुद्धा तिथं बॉल टाकला असता.

कर्ट: बाबा, कोट तरी काढू द्या. तीन तास गाडी चालवून आलोय.

ड्वेन: काढ ना, मी काय धरून ठेवलाय? एकदा ठीक, दोनदा ठीक. पाच वेळा? पाचही वेळा तोच हल्ला आणि पाचही वेळा त्यांचा तोच छोटा पास. वहीत लिहून ठेवलंय मी.

कर्ट: पाच नाही, सात.

ड्वेन: मग दोन मी कॉफी करायला उठलो तेव्हा झाले असतील.

कर्ट: हल्ला चुकीचा नव्हता. त्यांचा तो क्वार्टरबॅक कोवळा पोरगा आहे. अंगावर कोणी आलं की गडबडतो. आधीच्या सामन्यांच्या सगळ्या फिती पाहिल्यात मी. प्रत्येक वेळी गडबडला.

ड्वेन: काल नाही गडबडला.

कर्ट: काल नाही गडबडला.

ड्वेन: म्हणून म्हणतो, एक चाललं नाही की दुसरं काढायचं. पंचवीस वर्षं शाळेच्या फुटबॉल टीमला मी काय शिकवलं? हट्ट करायचा नाही. समोरचा काय खातोय ते बघून वाढायचं. तू आपलं तेच तेच वाढत बसलास. एक्केचाळीस पॉइंट दिलेस, कर्ट. तेही रेड फोर्क कॉलेजला!

कर्ट: आकडा माहीत आहे मला.

ड्वेन: रेडिओवर सकाळपासून तुझीच चंपी चाललीय. एक जण विचारत होता, प्रेअरी स्टेट कॉलेजनं यंदा नवा बचावाचा कोच आणलाय की पाहुणा आणलाय.

कर्ट: ऐकलं. गाडीत लावला होता.

ड्वेन: मी फोन लावला होता त्यांना. म्हटलं, दोन शब्द सुनवावेत. पंचवीस मिनिटं ताटकळत ठेवलं आणि मग ट्रॅक्टरची जाहिरात लावली.

कर्ट: काय सुनवणार होतात? पाच वेळा तोच हल्ला?

ड्वेन: ते तुला सांगायचं. त्यांना नाही.

कर्ट: बाबा, मी डाव कसे सांगितले यावर भांडायला आलेलो नाही.

ड्वेन: मग कशाला आलास? रविवारी भर दुपारी कॉलेजचा कोच बापाच्या घरी येतो म्हणजे एक तर नोकरी गेली नाही तर कोणी तरी गेलं. तिकडे सगळे फिती बघत बसले असतील. बस. चर्चमधल्या बायकांनी बन दिलेत, कोबी आणि खिमा घातलेले. विधुराला खायला घालायची त्यांना फार हौस. गरम करतो.

कर्ट: नको. भूक नाही.

ड्वेन: करतो म्हटलं ना.

कर्ट: नोकरी अजून गेलेली नाही. हेड कोच ऑग्डेन म्हणाला, उद्या सकाळपर्यंत सांग काल काय झालं. पटलं नाही तर पुढच्या शनिवारपासून बचावाचे डाव तो सांगणार. मी नुसता बाजूला उभा राहायचं. म्हणजे डिसेंबरात हंगाम संपला की सामान बांधायचं.

ड्वेन: चार सामन्यांत? पहिले तीन तर चांगले गेले की!

कर्ट: चौथा तसा गेला म्हणूनच विचारतोय तो. आणि तुमच्या सुनेनं, मार्लानं आधीच सांगितलंय, पोरींची ही पाचवी शाळा झाली असती म्हणून ती मिझुरीतून हललीच नाही. आता सहावं गाव सांगितलं तर ती फोनसुद्धा उचलणार नाही.

ड्वेन: राहतोस कुठं सध्या?

कर्ट: ऑफिसात सोफा आहे.

ड्वेन: ऑगस्टपासून?

कर्ट: चांगला आहे सोफा. बाबा, ऐका. काल आमच्या प्रत्येक डावाआधी त्यांचा क्वार्टरबॅक काय करत होता, पाहिलंत?

ड्वेन: काय करत होता?

कर्ट: आमची पोरं उभी राहायची. मी बाजूनं खूण द्यायचो. आणि तो लगेच मान वळवून स्वतःच्या कोचांकडे बघायचा. ते काही तरी सांगायचे आणि तो डाव बदलायचा. सातही वेळा. मी हल्ला सांगितला की त्याला ठाऊक. मागं थांबा म्हटलं की तेही ठाऊक. माझे डाव वाईट नव्हते. ते त्यांना ऐकू जात होते.

ड्वेन: खुणा वाचल्या म्हणतोस?

कर्ट: वाचल्या. नियमात बसतं, तक्रारही करता येत नाही.

ड्वेन: मग खुणा बदलायच्या होत्यास की मध्यंतरात!

कर्ट: शंभर पोरांना? वीस मिनिटांत? तुम्ही बदलल्या असत्यात?

ड्वेन: नसत्या.

कर्ट: तुमच्याच खुणा होत्या त्या.

ड्वेन: हं. कॉफीत साखर घेतोस ना अजून?

कर्ट: कान चोळला की हल्ला. पट्ट्याला हात लावला की मागं थांबा. दोघं जण खुणा करणार, पण खरा एकच. ज्याच्या डाव्या खांद्यावर टॉवेल तो खरा, दुसरा नुसता माकडचेष्टा करतो. शाळेत असताना तुमच्या हाताखाली चार वर्षं तेच केलं मी. झोपेतही येतात.

ड्वेन: माहितीये. मीच बसवल्या होत्या.

कर्ट: लोनी फास्टसुद्धा चार वर्षं होता तुमच्या हाताखाली. माझ्या पुढे दोन वर्षं. आता रेड फोर्कला कोच आहे.

ड्वेन: असं ऐकलं खरं.

कर्ट: लोनीला त्या आठवत असणार हे मला कळत होतं. मी काही अगदीच खुळा नाही. म्हणून टॉवेल उजव्या खांद्यावर घेतला. आता टॉवेल डावीकडे असलेला माणूस खोटा. लोनी त्याच्याकडे बघत बसला असता, तर सात वेळा उलटा फसला असता.

ड्वेन: चांगली युक्ती होती.

कर्ट: होती. बाबा, काल सामना संपल्यावर लोनी हात मिळवायला आला. हसत होता. म्हणाला, कोचना माझा नमस्कार सांग. गुरुवारी फोनवर बोललो तेव्हा त्यांचा आवाज अगदी खणखणीत वाटला, म्हणाला.

(ड्वेन उठून शेगडी बंद करतो.)

ड्वेन: बन करपले.

कर्ट: राहू द्या बन.

ड्वेन: तू आल्या आल्याच का नाही विचारलंस?

कर्ट: तुम्ही दार उघडल्या उघडल्या माझ्यावर ओरडायला लागलात.

ड्वेन: भीती वाटली. तुझी गाडी दिसली तेव्हाच.

कर्ट: म्हणजे तुम्हाला कळलं होतं.

ड्वेन: पहिल्या पंधरा मिनिटांतच कळलं. त्या पोरानं मान वळवली तेव्हाच. टीव्ही बंद करावासा वाटला, पण नाही केला. तू दिसत होतास ना.

कर्ट: काय सांगितलंत त्याला?

ड्वेन: सगळं.

कर्ट: सगळं म्हणजे?

ड्वेन: त्यानं फोन केला. म्हणाला, कोच, लोनी बोलतोय, कसे आहात? तुझ्या आईचं विचारलं. त्या एक्याऐंशी सालच्या चिखलातल्या सामन्याचं काढलं. तो माझ्यापेक्षा जास्त आठवतोय त्याला. मी इतका हसलो कर्ट, की ठसका लागला. मग म्हणाला, कर्टच्या खुणा ओळखीच्या वाटतात, पण कुठं तरी बसत नाही. आणि मी म्हटलं, अरे, माझ्याच आहेत त्या! टॉवेल बघ. उजव्या खांद्यावर बघ.

कर्ट: मी तर तुम्हाला टॉवेलचं सांगितलंच नव्हतं.

ड्वेन: नव्हतंस. मी ओळखलं. इथं या खुर्चीत बसून. तीन सामने लागले. पहिल्या दिवशी वाटलं, कान चोळतोय ते माझं आहे, पण पुढचं जुळेना. वहीत लिहीत गेलो. तिसऱ्या सामन्यात एकदम डोक्यात आलं, लबाडानं टॉवेल फिरवलाय! उठून उभा राहिलो मी. गुडघा दुखतो तरी. माझा पोरगा कॉलेजच्या मैदानावर, वीस हजार माणसांसमोर, माझ्या खुणा करतोय. कोणाला सांगू? बाजूची खुर्ची रिकामी.

कर्ट: मला सांगायचं.

ड्वेन: दोनदा केला फोन. रविवारी आणि मंगळवारी.

कर्ट: ...हो. पाहिले होते.

ड्वेन: कामात होतास. मला माहीत आहे कोचाचं काम. मीही माझ्या बापाचे फोन घेत नव्हतो हंगामात.

कर्ट: लोनी कशासाठी विचारतोय हे तुमच्या लक्षात आलं नाही?

ड्वेन: आलं.

कर्ट: कधी?

ड्वेन: मला त्याला खोटं सांगता आलं असतं. म्हातारा झालोय, विसरतो, कोणीही मानलं असतं.

कर्ट: कधी आलं, बाबा?

ड्वेन: टॉवेलचं बोलून गेलो आणि तिकडून पेन्सिल चालल्याचा आवाज आला. माझाच विद्यार्थी आहे, मीच शिकवलंय लिहून ठेवायला. तिथंच फोन ठेवायला हवा होता.

कर्ट: मग?

ड्वेन: ठेवला असता तर घर पुन्हा तसंच सुनं. त्यानं विचारलं, पट्ट्याची खूण अजून तीच का? मी म्हटलं, तीच. पाऊण तास आणखी बोललो. तो ठेवायला बघत होता, मीच सोडेना. तुझी नोकरी विकली मी, कर्ट. पाऊण तासाच्या गप्पांसाठी.

कर्ट: विकली बिकली नाही.

ड्वेन: मग काय केलं? त्या ऑग्डेनला फोन लावून दे. मी सांगतो. म्हणतो, तुमच्या कोचाचं काही चुकलं नाही, त्याचा बाप बडबड्या आहे.

कर्ट: आणि उद्या रेडिओवर तुमचं नाव? हे गाव केवढं? सकाळी तुम्ही कॉफीला जाता तिथं लोक तोंड फिरवतील.

ड्वेन: फिरवू देत. तसेही फार बोलत नाहीत.

कर्ट: मी सांगेन त्याला. शाळेतल्या जुन्या खुणा वापरल्या, समोर त्या शाळेतला माणूस आहे हे माहीत असून. गाढवपणा माझा. यात खोटं काही नाही.

ड्वेन: तो तुझ्या हातून डाव काढून घेईल.

कर्ट: घेईल बहुतेक.

ड्वेन: का वापरल्यास रे? नव्या करायला काय एक दिवस लागतो. तुला माझ्यापेक्षा चांगल्या सुचल्या असत्या.

कर्ट: वेळ नव्हता.

ड्वेन: वेळ होता. सगळा उन्हाळा होता.

कर्ट: तुम्ही बघाल म्हणून.

ड्वेन: काय?

कर्ट: आई गेल्यापासून मला इथं फोन करवत नाही. तुम्ही उचलता आणि मागं काहीच आवाज नसतो. भांडी नाहीत, तिचं ओरडणं नाही. मला काय बोलावं सुचत नाही आणि मग दोन आठवडे मी फोनच करत नाही. म्हटलं, शनिवारी तुम्ही टीव्हीसमोर असणारच. ओळखाल. तेवढंच.

ड्वेन: ओळखल्या रे. कान चोळलास तेव्हाच.

कर्ट: हो. आणि ज्यानं फोन केला त्याला सांगितल्यात.

ड्वेन: हो.

कर्ट: रागवायचं ठरवून आलो होतो. वाटेत सगळं घोकलं होतं.

ड्वेन: रागव की. तीन तास आलायस.

कर्ट: नाही जमत. निघतो मी. पाचला बैठक आहे. डाव कोणीही सांगो, नव्या खुणा मलाच बसवायच्यात.

ड्वेन: टोपीचं काही तरी कर. टोपीची कड जर... नको. नको. मला काही सांगू नकोस आणि मीही काही सांगत नाही.

कर्ट: लोनीचा फोन आला परत तर?

ड्वेन: नाही येणार. त्याचं काम झालं.

कर्ट: बाबा, मी करेन फोन. दर रविवारी. काहीही असो, चार वाजता...

ड्वेन: असं कबूल करू नकोस.

कर्ट: करेन म्हणतोय ना.

ड्वेन: कबूल केलंस की मी सकाळपासून वाट बघतो. आंघोळीलासुद्धा जात नाही, न जाणो वाजला तर. वार नको, वेळ नको. सवड झाली की कर. मी घरीच असतो.