विमानाची दृष्ट

(सिंदेवाहीजवळचं एक गाव. शंकरपटाचं मैदान, बैलांची शर्यत मधातच उधळलेली. मैदानात दोन माणसांचं छोटं विमान उभं, बाजूला तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, ढीग.)

सोमाजी : निघ बाहेर, भाच्या. बूट दिसून राह्यले तुहे.

हिरामण : हळू बोल ना, मामा. लोक आहेत काय?

सोमाजी : पाच गावचे लोक आहेत. इमानाच्या शेपटीले हात लावून पाया पडून राह्यले. म्हणतेत, इंजिन बंद पडलं तरी पोट्ट्यानं कसं फुलासारखं उतरवलं! अन् तू इथी तणसात. म्हशीले बी लाज वाटन, तुह्यासंगं लपाची.

हिरामण : माहे इमानवाले मास्तर आले?

सोमाजी : तुह्या बाबानं टेसनातून तार केली, तिथीच बसले आहेत. नागपूरहून जीप निघाली म्हणे. संगं मिस्त्री बी आहे.

हिरामण : मिस्त्री? मेलो.

सोमाजी : काऊन? बिघडलेलं इंजिन तो सुधरवन.

हिरामण : बिघडलंच नाई, मामा.

सोमाजी : मंग बंद कसं पडलं?

हिरामण : पडलं नाई. खाली उतरून मीनंच बंद केलं.

सोमाजी : हात् तुह्या! अन् मी दुपारपासून छाती फुगवून फिरतो, भाचा माहा, भाचा माहा करत!

हिरामण : हासू नोको. आज पह्यल्यांदा एकट्याले सोडलं होतं. नागपूरहून चांद्याले जायचं, तिथून वापस. मास्तरनं निघता निघता बजावलं, इंजिन बंद पडल्याबिगर मधात कुठीच उतरायचं नाई. खरं कळलं तं नाव काटतीन माहं. पुन्हा इमानाजवळ उभं नाई करणार.

सोमाजी : एवढं मालूम होतं तं उतरला कायले?

हिरामण : तुह्यापायी.

सोमाजी : माह्यापायी?

हिरामण : दिवाळीत चावडीवर कोण बोललं? हिरामण इमान उडवत नाई, झाडू मारते इमानाले. सारं गाव हासलं. बाबा बी हासले.

सोमाजी : अरे, ते मजाक होती! तू लहानपणी उभ्या बैलबंडीवरून पडत होता, म्हणून...

हिरामण : वरून हे पटाची पट्टी दिसली. साफ, सरळ, दोन्ही बाजूले माणसं. वाटलं, उतरतो, बाबाले हात दाखवतो अन् उडून जातो. उतरताना इमानाचं नाक वर असते, मामा, समोरचं काई दिसत नाई. जोडी सुटली ते मले दिसलंच नाई.

सोमाजी : इकडं मी झंडी टाकली, तिकडून तू! बैल एकीकडं, छकडा एकीकडं, अन् मी बोरीच्या काट्यात. अजून बसता येत नाई. ...बरं, रडू नोको. मी गूळ आणतो.

हिरामण : गूळ कायले?

सोमाजी : तेलाच्या टाकीत टाकू. मिस्त्रीचा बाप आला तरी म्हणन, बिघाड आहे. मालगुजारी होती तवा एका साहेबाच्या मोटारीत मीनंच टाकला होता. साहेब आठ दिवस इथी कोंबड्या खाऊन गेला, कोणाले पत्ता नाई.

हिरामण : अन् मंग त्यात दुसरं पोट्टं बसन. माह्यासारखंच शिकाऊ. वर गेल्यावर बंद पडलं तं?

सोमाजी : ...मोटार तं रस्त्यावरच थांबली होती.

हिरामण : हे थांबत नाई, मामा. पडते.

सोमाजी : चूप. शकुबाई येऊन राह्यली.

हिरामण : तिचीच जोडी होती काय?

सोमाजी : तिचीच. तिचा पोट्टा लटारू छकड्यावर होता. हरण्या बैल सापडला. भुऱ्या जंगलात घुसला.

शकुबाई : सोमाजीभाऊ, हिरामण कुठी आहे? ...अगा माय, तणसात? उठू नोको, बाबा, बस. घे, दूध पे.

हिरामण : काकी, भुऱ्या...

शकुबाई : गेला तं गेला. इंजिनच बंद पडलं, तू काय करशीन? तू जित्ता उतरला, मले पट जिंकल्यासारखंच आहे. तुही माय असती तं आज तिचा जीव गेला असता.

हिरामण : लटारूले लागलं?

शकुबाई : गुडघे फुटले, हळद दाबली. चूक माहीच आहे. दरसाली पटाच्या आंदी जोडीची दृष्ट काढतो. आज घाईघाईत राह्यली. मंग होणारच ना असं.

हिरामण : तसं नाई, काकी...

शकुबाई : तसंच आहे. म्हणून मीठ-मिरची घेऊन आलो. आता त्या इमानाची काढतो.

सोमाजी : इमानाची दृष्ट?

शकुबाई : हासता कायले, भाऊ? लेकरू बसते ना त्यात? उद्या अजून दगा दिला तं? चाला दोघं बी. ...सरका रे, पोट्टेहो, जागा द्या. इथून, पंखापासून करतो. आल्या-गेल्याची, काळ्या-गोऱ्याची... काऊन रे, कपड्याच्या पाखरा? माह्या लेकराले वर नेतं अन् मधातच सोडतं? लाज नाई वाटत तुले?

हिरामण : काकी, थांब.

शकुबाई : मधात बोलू नोको.

हिरामण : त्याले शिव्या देऊ नोको, काकी. इंजिन चांगलं आहे. बंद पडलंच नाई. मी मिरवाले उतरलो.

सोमाजी : शकुबाई, थकला आहे पोट्टा, काईबी...

शकुबाई : तुमी चूप बसा. ...मिरवाले?

हिरामण : हो.

शकुबाई : अन् मी दुपारपासून माह्याच हाताले दोष देऊन राह्यलो.

हिरामण : तुहं काई चुकलं नाई.

शकुबाई : दूध पेलास?

हिरामण : नाई.

शकुबाई : पेऊन घे. नाल्यापर्यंत चालावं लागन. भुऱ्या तिकडंच पळाला. उजेड आहे तोवर पाहावं लागते, अंधार पडला का वाघ येते पाण्यावर.

हिरामण : येतो, काकी.

शकुबाई : ते बूट काढ. गाळात फसतीन.

सोमाजी : अरे, धूळ दिसून राह्यली! जीप आली! हिरामण, मास्तर आले तुहे! थांब ना बे... मी काय सांगू त्यायले?

हिरामण : सांगजो, इंजिन चांगलं आहे. मी बैल पाहाले गेलो.