एक नंबर भट्टीवरचा एकोणतीस

दि. २४ मे २००४, नाशिक.

माझे नाव धोंडीराम कचरू पगारे, वय ५२ वर्षे, शिक्षण सातवी पास, धंदा नोकरी, तापमान तपासणी प्रयोगशाळा, अंबड औद्योगिक वसाहत. राहणार स्वारबाबानगर, सातपूर, नाशिक.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, सदर प्रयोगशाळेत मी १९९१ पासून आहे. तेथील एक नंबर व दोन नंबर भट्टी, इन्सर्ट उचलायचा हूक, 'गरम आहे, हात लावू नये' ही लाल पत्र्याची पाटी आणि भिंतीवरचा नियमांचा बोर्ड मी स्वतःच्या हाताने केलेला आहे. भट्टीची तार नाशकातल्याच द्वारका चौकातल्या भंगारातून निवडून आणली, वेटोळी मीच घातली. मला कोणी शिकवलेले नाही.

कंपन्यांचे सेन्सर तापमान बरोबर दाखवतात का, हे आम्ही भट्टीत घालून तपासतो. भट्टीत भोके पाडलेला अडीच किलोचा धातूचा ठोकळा बसतो, त्याला इन्सर्ट म्हणतात. सेन्सरची जाडी बदलली की इन्सर्ट बदलावे लागते. चारशे डिग्रीचे इन्सर्ट लाल होत नाही, थंड इन्सर्टसारखेच दिसते. म्हणून बोर्डावर पहिला नियम मी लिहिला आहे : 'हाताने अंदाज घेऊ नये. डिस्प्लेवरचा आकडा ५० च्या खाली आल्यावरच इन्सर्ट काढावे.'

दि. १९ रोजी दुपारी दोन चाळीसला एक नंबर भट्टी ४१२ वर होती. आकडा दोन-तीन डिग्री उड्या मारत होता. मी हीटर बंद केला. भट्टीचा स्वतःचा सेन्सर बाहेर काढून, निववून, बर्फात तपासला. शून्य बरोबर आले. मग तो भट्टीमागच्या खिळ्याला टांगला. वायर डिस्प्लेला जोडलेलीच होती. त्यामुळे डिस्प्ले आता खोलीचे तापमान दाखवत होता, भट्टीचे नाही. अशा वेळी लाल पाटी लावायची असते. मालक सुनील धामणे यांनी ऑफिसात बोलावले, दोन मिनिटांचे काम समजून मी गेलो. पाटी लावली नाही.

तीन वाजता अंजली गांगुर्डे, वय २७, दुसऱ्या पाळीला आली. ती चार वर्षे माझ्या हाताखाली आहे. हीटर कधी बंद केला हे तिला माहीत नव्हते. दोन नंबर भट्टी शेजारी चालू असल्याने झळ होतीच. ऑफिसचे दार उघडे होते. तिने दारातूनच विचारले, "काका, एक नंबर एकोणतीसवर आलीय. इन्सर्ट काढू का?"

मी मालकांना नव्या भट्टीचे चित्र काढून दाखवत होतो. मान वर न करता म्हणालो, "डिप्लोमा तुझा का माझा? सातवी पासला काय विचारतेस? आकडा बघ अन् काढ."

ती हसली. "बघितला म्हणून तर विचारतेय. बरं, काढते."

इन्सर्ट डाव्या हाताने हुकाने ओढायचे आणि वजन पेलायला उजवा तळवा खाली धरायचा, ही पद्धत मी शिकवलेली आहे. पन्नासच्या खाली हातमोजे लागत नाहीत, हेही बोर्डावर आहे. नंतरचा आवाज मी ऐकला. वेळ तीन वाजून सहा मिनिटे.

उजव्या हाताची बोटे आता मिटणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. अंजलीने आपल्याकडे दिलेल्या जबाबात "माझीच घाई झाली" असे सांगितल्याचे कळले. त्याखाली तिने डाव्या हाताचा अंगठा दिला आहे. मी दवाखान्यात विचारले तेव्हा म्हणाली, "काका, या वयात तुम्हाला दुसरीकडं कोण घेणार? माझं होईल काहीतरी." तिचा जबाब खरा नाही. तिने घाई केली नाही. तिने विचारले होते. नियम पाळला म्हणून ती भाजली.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी ४१२ च्या जागी २१२ पडले होते, ते खोडून सही केली. बाकी मी बोललो तसेच उतरले आहे, बरोबर आहे.

सहीनंतर माझ्या आग्रहावरून पुढील मजकूर घेतला : काल संध्याकाळी मालक घरी आले. "दारात काय बोलणं झालं ते तू, मी आणि ती, तिघांनाच ठाऊक. न विचारता काढलं, एवढंच सांग. नव्या भट्टीवर तुझ्या नावाची पाटी लावतो," असे म्हणाले. पाकीट पलंगावर ठेवले. मी ते त्यांच्या गाडीत नेऊन ठेवले. रक्कम, त्यांनी सांगितल्याप्रमाणे, एक लाख चाळीस हजार रुपये.