थॉर्पांची जन्मसूचना

मामी केझाया : ‘समुद्रात’ हा काय पत्ता झाला, झकियस?

डेकर : मामी, पत्ता टपालाला लागतो. ही मृत्यूची सूचना. कोण गेला, कुठे गेला, मागे कोण राहिलं. ‘ईनॉस थॉर्प, समुद्रात.’ छापण्याआधी तुम्ही स्वतः याच बाकावर बसून ऐकलीत आणि मान हलवून गेलात.

मामी केझाया : तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. आता आलंय. रविवारी माझ्या पोराचा चाळिसावा. अंगणात खड्डा खणायचा, वाटलेल्या घेवड्याचे ओलेले वाफवून त्यात घालायचे, वर गार पाणी ओतायचं आणि हाक मारायची, की ये बाबा, पोटभर खा आणि मग तुझ्या वाटेने जा. कुठून ये म्हणू? समुद्र काय आपली परसबाग आहे?

डेकर : परसबाग नाही, म्हणून तर वरच्या सेन्सॉरसाहेबाला तो शब्द आवडतो. लढाई चालू आहे तोवर बोटीचं नाव नको, बंदराचं नको, वारसुद्धा नको. लाल पेन्सिल घेऊन बसलाय. परवा एका लग्नाच्या सूचनेत ‘वर नुकतेच बोटीने आले’ एवढंच होतं. ते खोडलं. आता वाचणाऱ्याला वाटतं, नवरदेव ढगातून पडला. मुलीकडचे माझ्याशी भांडून गेले, जसा काही मीच त्याला पाडला.

मामी केझाया : तुझ्या गोष्टी नंतर ऐकते. मी रोज कौल लावायला कोलाचं बी फोडून जमिनीवर टाकत होते. रोज पाकळ्या पालथ्या. कौल म्हणून मिळेना. मी हिला म्हटलं, डॉर्कस, तुझा नवरा ऐकतच नाहीये, आपण भलत्याच दिशेला ओरडतोय. आणि परवा ठिकाणाचं नाव घेऊन टाकला, तर पहिल्याच खेपेला सरळ.

डेकर : ठिकाणाचं नाव? मामी, तुम्हाला ठिकाण कुणी... नको. सांगू नका. मी विचारलंच नाही.

मामी केझाया : निमलीने.

डेकर : सांगू नका म्हटलं ना मी.

मामी केझाया : हात भाजून परत आलाय बिचारा. डॉर्कसला मासळीबाजारात भेटला. ईनॉसने आणि त्याने बोटीच्या एकाच भट्टीवर कोळसा ओढला. ब्रावा बेट आहे ना, तिथून दिवसभराच्या वाटेवर पाणबुडीने...

(डेकर उठतो आणि छापखान्याचं दार ओढून घेतो. आत खिळे जुळवणारा विल्यम्स शीळ घालतोय. शीळ घालणाऱ्या माणसाचे कान मोकळेच असतात, हे डेकर कधी विसरत नाही.)

डेकर : हळू. निमलीकडून कागदावर अंगठा घेतलाय की नाही, की तोंड उघडणार नाही म्हणून? त्याला पादेम्बा रोडच्या तुरुंगात टाकतील. भाजलेले हात बघून कुणी सोडत नाही. आणि मामी, तुम्हाला कळलं, कौल मिळाला, आता मारा की हाक. पेपर कशाला हवाय?

मामी केझाया : माझ्यासाठी नकोय. त्या बोटीवर आपली आणखी पोरं होती. यॉर्क गावची, वॉटर्लू गावची, एक तर बाथर्स्टचा. त्यांच्या आया कुठे तोंड करून हाक मारतायत?

डेकर : ते मला नका सांगू. त्याच बोटकंपनीच्या एजंटाच्या चिठ्ठ्या घेऊन या टेबलाशी किती जणी येऊन गेल्या ते माझ्या वहीत आहे. सगळ्यांना ‘समुद्रात’. प्रत्येकीने हेच विचारलं, मिस्टर डेकर, कुठल्या समुद्रात? मी आपला रकाना मोजत बसतो. पूर्वी या वहीत जन्मांची पानं आधी भरायची, लग्नं त्यांच्यामागून, आणि मरणं आपली सवडीने. आता मरणांना पान पुरत नाही म्हणून मी लग्नांच्या पानावर लिहितो. कुणाला सांगू नका, अपशकुन म्हणतील.

मामी केझाया : मग छाप ना ठिकाण. चाळिसाव्याचं आमंत्रण म्हणून छाप.

डेकर : छापलं तरी वर खोडतील, आणि खोडताना विचारतील, हे शहाणपण कुणाचं? मग मी, मग तुम्ही, मग निमली. डॉर्कस, तू तरी समजाव त्यांना.

डॉर्कस : मी काय समजावू?

मामी केझाया : बरं. मरण राहू दे. जन्माची सूचना घे.

डेकर : जन्माची?

मामी केझाया : ही बाळंत झाली. मुलगी. लिही. ‘दिवंगत ईनॉस थॉर्प यांच्या पत्नी डॉर्कस यांना कन्यारत्न.’

डेकर : अरे, आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? अभिनंदन, डॉर्कस. बापाचं तोंड बघायचं तिच्या नशिबी नव्हतं, पण देवाने घर रिकामं ठेवलं नाही. नाव काय ठेवलंत?

मामी केझाया : ब्रावा.

डेकर : ब्रा... मामी.

मामी केझाया : काय झालं? पोरीचं नाव आहे. आपल्यात नाव उगाच ठेवतात का? घरात जे घडलं ते नावात येतं. गेल्या महिन्यात तूच छापलंस, कुणीतरी पोराचं नाव लढाईतल्या गावावरून टोब्रुक ठेवलं म्हणून.

डेकर : टोब्रुक कोल. साहेब इतका खूश झाला की त्याने चौकट टाकायला लावली.

मामी केझाया : मग? ज्यांची पोरं ईनॉसबरोबर होती ते ईनॉसचं नाव वाचतील, खाली पोरीचं नाव वाचतील. दर्यावर पोट असलेल्या घरात ब्रावा कुठे आहे ते सांगावं लागत नाही.

डेकर : मामी, तुम्ही बाजारात फुफूचे गोळे विकण्यात आयुष्य घालवलंत हे सरकारचं नशीब. साहेबाने विचारलंच तर म्हणेन, पोर्तुगीज शब्द आहे, शूर बापाची शूर मुलगी. डोळे पुसेल तो. लिहितो. फक्त नेहमीचा प्रश्न, तो प्रत्येकाला विचारतो. बाळाला दाराबाहेर काढलं?

मामी केझाया : काढू. काय घाई आहे?

डेकर : घाई मला नाही, पण नेम आहे. दाराबाहेर काढून ऊन-वारा दाखवल्याशिवाय मी जन्म छापत नाही. आधी छापलं आणि काही झालं, तर लोक माझ्या नावाने खडे फोडतात. कधीचा बेत आहे? मी येईन. बायकोही येईल, तिला आल्याची बिअर आवडते तुमच्याकडची.

मामी केझाया : सांगू तुला. बाळ झोपलंय आत्ता.

डेकर : कुणाजवळ?

मामी केझाया : शेजारी आहेत.

डेकर : डॉर्कस, ऊठ, खिडकीशी बस. इथे उकडतंय. एवढ्या उकाड्यात पदरावर पदर घेऊन...

डॉर्कस : बरी आहे मी.

डेकर : मामी, माझ्या घरी सहा बाळंतपणं झाली. पाजणाऱ्या बाईची छाती अशी फडक्याने आवळून बांधत नाहीत. दूध जिरवायचं असलं की बांधतात. माझ्या बायकोला दोनदा बांधलेलं मी पाहिलंय.

मामी केझाया : तू सूचना घेणार की बायकांची फडकी मोजणार?

डॉर्कस : राहू द्या, आई. बाळ नाहीये, मिस्टर डेकर. दोन दिवस होती.

डेकर : अगं...

डॉर्कस : मी येतच नव्हते इथे. आईंनी आणलं.

मामी केझाया : मी काही खोटं बोलले नाही. जन्म झाला. सुईणीला विचार, फोरा बे रोडला जाऊन विचार, झाला की नाही.

डेकर : आणि दाराबाहेर?

मामी केझाया : कुठून काढणार? म्हणून तर म्हणते. दार न पाहिलेल्या बाळाला नाव नसतं, त्याच्यासाठी रडायचंही नसतं, हे मी नाही ठरवलं. ती जागा मोकळी आहे, झकियस. तिथे आपण एक नाव ठेवलं तर कुणाचं काय घेतलं?

डॉर्कस : मोकळी नाही.

मामी केझाया : काय?

डॉर्कस : तिला नाव होतं. इयामिदे. निघताना हेच सांगून गेले होते, मुलगी झाली तर आजीच परत आली म्हणायचं, इयामिदे. ती रडली तेव्हा मी कानात सांगितलं तिच्या.

मामी केझाया : मला बोलली नाहीस.

डॉर्कस : तुम्ही म्हणाला होतात, दार होईपर्यंत नाव घ्यायचं नाही.

मामी केझाया : घ्यायचं नसतंच.

डॉर्कस : म्हणून नाही बोलले.

डेकर : मामी, पाणी प्या. मडक्यातलं आहे, गार आहे. ऐका माझं. हे करायला नको. चाळिसावा होऊ दे, तुमचा ईनॉस जेवून जाईल. बाकीच्यांचं बाकीचे बघतील. मी इतक्या जणींना रिकाम्या हाताने पाठवलं, आणखी एकीला पाठवीन. सवय झालीय मला.

मामी केझाया : सवय झाली म्हणतो आणि घाम पुसतो.

डॉर्कस : मिस्टर डेकर, किंग टॉमच्या धक्क्यावर जेमिमाबाई उभी असते. तुम्ही पाहिलीय?

डेकर : त्याच बोटीवरच्या क्लॅरेन्सची आई. तिची सूचना मीच घेतली. पोराचं वय विचारलं तर म्हणाली, अजून लहान आहे.

डॉर्कस : ती तांब्यातून पाणी शिंपडते. एकदा इकडे, एकदा तिकडे. चारी दिशांना. प्रत्येक दिशेला एकदा हाक मारते आणि थांबते, उत्तर येतंय का बघायला. मी मासळी घेऊन रोज तिच्या बाजूने जाते. मला दिशा माहीत आहे. आणि मी मान खाली घालून जाते.

मामी केझाया : निमलीला शब्द दिलाय हिने. एकीला सांगितलं की धक्काभर होतं, आणि धक्क्यावर पोलिसांचे लोक बसलेले असतात.

डॉर्कस : काल तिने मला विचारलं, बाळ कसं आहे.

डेकर : मग?

डॉर्कस : मी म्हटलं, झोपलंय. आईंनी आत्ता सांगितलं तसंच. तोंडातून तेच आलं. लिहा तुम्ही.

डेकर : काय लिहू, पोरी?

डॉर्कस : ब्रावा. आणि पुढे इयामिदे. दोन्ही लिहिता येतात ना?

डेकर : येतात. कागद कमी आहे म्हणून मी लोकांच्या बिरुदावल्या छाटतो. वकील थॉमसांच्या मुलाच्या लग्नात तर मी त्यांच्या तीन पदव्या खाल्ल्या. पण नावाला मी कात्री लावत नाही.

डॉर्कस : मग दोन्ही.

मामी केझाया : डॉर्कस, लोक भेटायला येतील. बाळाला म्हणून झबली आणतील. काय दाखवशील?

डॉर्कस : ज्यांना नाव कळलंय ते झबली नाही आणणार, आई. ते दारात उभं राहून विचारतील, खरंच का. मी हो म्हणेन. आणि जे झबली आणतील त्यांना तुम्ही सांगा काय ते. तुम्हाला जमतं.

मामी केझाया : मला टोमणा मारते ही. ऐकलंस, झकियस? लग्न होऊन आली तेव्हा या पोरीला तोंड नव्हतं.

डेकर : तुमच्या घरात राहून आलं असेल. ऐका आता, वाचतो. ‘थॉर्प. फोरा बे रोड येथे, बोटीच्या भट्टीवर काम करणारे दिवंगत ईनॉस थॉर्प यांच्या पत्नी डॉर्कस यांना कन्यारत्न. नाव, ब्रावा इयामिदे.’

मामी केझाया : ब्रावा आधी आलं ते बरं झालं. घाईत वाचणाराही तिथवर पोचेल.

डॉर्कस : बरोबर आहे.

मामी केझाया : झालं मग. ऊठ. घरी घेवडा भिजत पडलाय.

डेकर : बसा अजून. एक ओळ राहिलीय. ती मी लिहीत नाही, ती आत असतेच. विल्यम्सने एकदा खिळे जुळवून दोऱ्याने बांधून ठेवलीय आणि प्रत्येक जन्माखाली तीच सरकवतो, न वाचता. काढ म्हटलं तर विचारेल, का. आणि वर साहेबाला सगळ्या जन्मांखाली ती दिसली आणि एकाखाली नाही दिसली, तर तो पेन्सिल ठेवून खाली येईल. बाकीच्या प्रत्येक शब्दासाठी मी बायबलवर हात ठेवायला तयार आहे. ही तेवढी एक ओळ.

मामी केझाया : कसली ओळ?

डेकर : ‘आई आणि बाळ सुखरूप.’

मामी केझाया : नको. चल, डॉर्कस. मीच चुकले, म्हातारी झालेय. काही छापायचं नाही आपल्याला. फाड तो कागद, झकियस.

डॉर्कस : बसा, आई.

मामी केझाया : अगं, गावभर वाचतील ते. बाथर्स्टपर्यंत वाचतील. तू कशी वाचशील?

डेकर : थांबा, मी बघतो. विल्यम्सला म्हणेन, खिळे झिजलेत, उमटत नाहीत. एका दिवसापुरतं काहीतरी सांगेन. काढतो ती ओळ.

डॉर्कस : नका काढू. कुठेतरी असू दे ती सुखरूप.