कान, पेन्सिल आणि तीन मिनिटं चाळीस सेकंद

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरची सर्व थोर मंडळी, ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण इतक्या आनंदानं जमलोय ते आपले सर — चुकलं, इतक्या जड अंतःकरणानं जमलोय ते सर — उद्यापासून त्यांच्या खुर्चीत बसणाऱ्या नव्या संचालक बाई, आणि समोर बसलेल्या नाचणाऱ्या, न नाचणाऱ्या आणि नाचू न दिलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला इथं सगळे बटणमामा म्हणतात. बावीस वर्षं या नृत्यसंस्थेच्या प्रत्येक ऑडिशनला गाणं लावायचं आणि बंद करायचं, एवढीच माझी कर्तबगारी. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं आभार लिहिलेत. तेव्हा आभार मानतो, दुसरं करणार काय?

आधी सरांच्या नजरेचे. सरांना दहा सेकंदांत नर्तक कळतो, ही ख्याती तुम्ही ऐकलीच असेल. ख्याती पसरवली लोकांनी. सरांनी फक्त मान डोलावली. कौतुक नेमकं कशाचं चाललंय हे विचारायची त्यांना सवय नाही. मग त्या ख्यातीवर 'पहिले दहा सेकंद' नावाचे क्लास निघाले. पोरी दारातून आत येता येताच उडी मारायला शिकल्या. एक तर थेट माझ्या टेबलावर उतरली होती. तिची निवड झाली, आणि का झाली ते आता सांगतो.

मी कामाला लागलो तेव्हा माझ्या आधीचा माणूस म्हणाला होता, "सरांची पेन्सिल टेबलावर दोनदा वाजली की गाणं बंद." मी सरांच्या मागं, खांबाआड बसायचो. टक टक ऐकू आलं की बटण. समोरचं पोर हवेत असो की जमिनीवर, बटण. ज्याचं गाणं लांबलं तो निवडला गेला, ज्याचं तुटलं तो घरी. टेबलावर उतरलेल्या पोरीच्या वेळी पेन्सिल वाजलीच नाही.

गेल्या महिन्यात खांबामागची माझी वायर बिघडली म्हणून मला सरांच्या शेजारी बसवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना बाजूनं पाहिलं. सर पेन्सिलीनं कान कोरतात हो! आणि कोरून झालं की पेन्सिल टेबलावर दोनदा झटकतात.

हसताय? हसा. त्या क्षणी समोर माझी भाची उभी होती. थोरल्या बहिणीची मुलगी, तिसरी आणि शेवटची खेप. येत्या सोमवारी तिला सव्वीस पूर्ण होतात, त्यानंतर फॉर्म घेत नाहीत. आठ महिने पहाटे उठून शाळेच्या रिकाम्या वर्गात बाकं सरकवून तिनं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा नाच बसवला होता. सुरुवातीला ती नुसती उभी असते, मग खांदा हलतो. क्लासवाले म्हणाले, खांदा काढ, उडी घाल. ती म्हणाली, "खांदा काढला तर पुढच्या नाचाला अर्थच राहत नाही."

सरांनी कान कोरला. टक टक. मला कळलं होतं, देवाशप्पथ कळलं होतं. पण बोट बावीस वर्षांचं सरावलेलं, मेलं माझ्याआधी पोचलं. सात सेकंद. नुसता खांदा हलला होता.

सर माझ्याकडे वाकून म्हणाले, "काय हो मामा, हल्लीची पोरं सात सेकंदांचाच नाच बसवून आणतात? आळशी लेकाची!"

आणि मी, मी म्हणालो, "हो ना सर." असला माणूस मी. सरांना तरी ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. त्यांनी तिच्या नावापुढं 'तयारी अपुरी' लिहिलं. बाहेर भाचीनं विचारलं, "मामा, माझं काय चुकलं?" काय सांगू तिला, सरांचा कान खाजला? मी म्हणालो, नशीब. थू माझ्या जिभेवर.

सर, असे लाल होऊ नका. हा तुमचाच सत्कार आहे. बावीस वर्षांत एकदा मागं वळून "गाणं का थांबलं?" एवढं विचारलं असतंत, तर आज इतक्या लोकांसमोर तुमच्या कानाची चौकशी करायची वेळ आली नसती. बघणं हेच तुमचं काम होतं, तेवढंच तुम्ही केलं नाहीत.

नव्या बाई, निवडयादीवर तुमची सही उद्या व्हायची आहे. भाचीला घ्या असं मी म्हणत नाही. नाही आवडली तर खुशाल नको म्हणा, ती ऐकून घेईल. फक्त शेवटपर्यंत बघा. ती पडद्यामागं उभी आहे. तिला वाटतंय की ती पाहुण्यांच्या करमणुकीसाठी नाचणार आहे.

बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर पदरात घ्या. मुद्दाम जे बोललो त्याची माफी मागत नाही.

सर, तेवढी पेन्सिल इकडे द्या. हो, आत्ता. आभारी आहे.

गाणं लावतोय.