नाही म्हणण्याऐवजी

—नाही हो, मला काहीसुद्धा झालेलं नाही. तुम्ही बोलू नका मावशी, तुमचा ऑक्सिजनचा मास्क सरकतो, शेजारच्या बेडवरून नुसतं ऐका. हे सलाईन, ह्या छातीला चिकटवलेल्या वायरी — सगळं उगीच. मी चक्कर येऊन पडलेच नव्हते. म्हणजे पडले, पण ठरवून — ठरवून तरी कसं म्हणू, पायांनीच ठरवलं. घरात पाहुणे बसलेले, मी चहाचा ट्रे घेऊन उभी, आणि सासरे म्हणाले, "सूनबाई नोकरी सोडतेय आता. हो ना गं?" मला कुणी विचारलं होतं? ह्यांच्याकडे बघितलं, तर हे बिस्किट बुडवण्यात गर्क. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत आणि 'नाही' एवढं एक अक्षर — बरं, दोन — काही केल्या बाहेर पडेना. मग ट्रे नीट टेबलावर ठेवला, खाली बसले आणि डोळे मिटून आडवी झाले. आधी ट्रे ठेवून मग चक्कर येणारी बाई बघितलीय कुठे? पण कुणाच्या लक्षातच आलं नाही! सासूबाईंनी स्वतः तोंडावर पाणी मारलं, हे तर ॲम्ब्युलन्स बोलावून मोकळे. लग्न झाल्यापासून माझी एवढी विचारपूस आजच.

डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, घरी न्या. पण सासूबाई अडून बसल्या — सगळ्या तपासण्या झाल्याशिवाय बेड सोडायचा नाही. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा मला टाकून बेड धरलाय.

आणि मघाशी तो फोन आला, ऐकलात ना? "दम लागलाय? — नाही, इथे बेड नाही, दुसरीकडे न्या." काय सहज म्हणाल्या हो सिस्टर! आधी मला हेवाच वाटला. मग कळलं, त्या बेडवर मीच आहे की. कुणीतरी ॲम्ब्युलन्समध्ये श्वास ओढत गावभर फिरतंय आणि मी इथे पाय पसरून! उठावं म्हटलं — पण उठले की बरी झाले, बरी झाले की घरी, आणि घरी सगळे उत्तराची वाट बघत बसलेले.

पुन्हा फोन वाजला बघा. काय म्हणतायत? ओठ निळे पडलेत? थांबा, सांगतेच सिस्टरना — हा बेड घ्या म्हणावं, मी चालले, पुढचं पुढे —

अगंबाई. पडद्याखाली सासूबाईंच्या चपला. मी काही बोलले नाही हं तुमच्याशी.

काय आई? … हो. हो, पडूनच राहते.